संभाव्य अवांछित सॉफ्टवेअर

संभाव्य अवांछित सॉफ्टवेअर म्हणजे वापरकर्त्याने जाणीवपूर्वक न निवडता, किंवा परिणामांची पुरेशी कल्पना नसताना, संगणकावर स्थापित झालेले सॉफ्टवेअर. असे सॉफ्टवेअर संगणक विषाणूप्रमाणे उघडपणे घातक असतेच असे नाही. मात्र ते जाहिराती दाखवणे, ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलणे, वापराची माहिती गोळा करणे किंवा संगणकाचा वेग कमी करणे यांसारख्या कारणांमुळे नकोसे ठरू शकते. घरगुती संगणकावर एखादे अनोळखी सॉफ्टवेअर आढळल्यास ते ठेवावे, निष्क्रिय करावे की काढून टाकावे, हा निर्णय संगणक सुरक्षेतील एक नेहमीचा प्रश्न आहे. या निर्णयात दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. घातक सॉफ्टवेअर राहू दिल्यास माहिती व पैसा गमावण्याचा धोका असतो, तर आवश्यक सॉफ्टवेअर काढून टाकल्यास संगणक, एखादे उपकरण किंवा जुने दस्तऐवज निरुपयोगी होऊ शकतात.

व्याख्या आणि संज्ञा

सुरक्षा क्षेत्रात सॉफ्टवेअरचे ढोबळमानाने तीन गट केले जातात. पहिल्या गटात वापरकर्त्याला हवे असलेले किंवा कार्यप्रणालीला लागणारे सॉफ्टवेअर येते. दुसऱ्या गटात विषाणू, ट्रोजन, खंडणीखोर सॉफ्टवेअर अशी निश्चितपणे घातक सॉफ्टवेअर येतात. त्यांना एकत्रितपणे मालवेअर म्हणतात. या दोहोंच्या मधल्या गटाला संभाव्य अवांछित सॉफ्टवेअर असे म्हटले जाते. जाहिराती दाखवणारे ॲडवेअर, ब्राउझरला जोडलेल्या पट्ट्या, संगणक 'वेगवान' करण्याचा दावा करणारी साधने आणि विक्रेत्याने आधीच भरून दिलेली चाचणी-आवृत्तीची सॉफ्टवेअर यांचा त्यात समावेश होतो.

ही संज्ञा मॅकॅफी या प्रतिविषाणू सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने रूढ केली. जाहिरात-सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या आपल्या उत्पादनास 'हेरगिरी सॉफ्टवेअर' म्हणण्यास आक्षेप घेत. वापरकर्त्याने परवाना कराराला संमती दिलेली आहे, असा त्यांचा युक्तिवाद असे. त्यामुळे 'संभाव्य' हा सावध शब्द प्रचारात आला. या संज्ञेचा गाभा संमतीच्या प्रश्नाशी निगडित आहे. लांबलचक कराराखालील 'पुढे' हे बटण दाबणे म्हणजे खरी संमती होय काय, हा वाद आजही मिटलेला नाही.

संगणकावर येण्याचे मार्ग

अनोळखी सॉफ्टवेअर घरगुती संगणकावर पुढील मार्गांनी येते:

• जोडून दिलेले सॉफ्टवेअर: मोफत सॉफ्टवेअरच्या स्थापनेत दुसऱ्या सॉफ्टवेअरची चौकट आधीच खूण करून ठेवलेली असते. ती खूण न काढल्यास दोन्ही सॉफ्टवेअर स्थापित होतात.
• विक्रेत्याने भरून दिलेले सॉफ्टवेअर: नव्या लॅपटॉपवर निर्माती कंपनी स्वतःची साधने, खेळ आणि मुदतबंद प्रतिविषाणू सॉफ्टवेअर घालून देते.
• जुने किंवा जुळवलेले संगणक: आधीच्या मालकाने किंवा दुकानदाराने घातलेले सॉफ्टवेअर तसेच राहते.
• उपकरणांचे ड्रायव्हर: प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, डिजिटल सहीचे टोकन इत्यादींसोबत सहायक सॉफ्टवेअर येते.
• चोरीच्या प्रती: परवाना न घेता कार्यप्रणाली किंवा कार्यालयीन सॉफ्टवेअर 'चालू करून देणारी' साधने. यांच्यासोबत मालवेअर येण्याचे प्रमाण मोठे आहे.
• बनावट इशारे: 'तुमच्या संगणकात विषाणू आढळला' असा संदेश दाखवून उतरवून घ्यायला लावलेले सॉफ्टवेअर.
• घरातील इतर व्यक्ती: एकच संगणक अनेकांच्या वापरात असल्यास एकासाठी अनोळखी असलेले सॉफ्टवेअर दुसऱ्याने कामासाठी घातलेले असू शकते.

ओळख पटवण्याचे निकष

एखाद्या सॉफ्टवेअरबाबत निर्णय घेताना कोणताही एक निकष पुरेसा मानला जात नाही. साधारणपणे पुढील बाबी एकत्र पाहिल्या जातात.

नाव आणि स्थान

केवळ नाव अपरिचित किंवा विचित्र आहे म्हणून सॉफ्टवेअर घातक ठरत नाही. विंडोज कार्यप्रणालीतील 'एसव्हीसीहोस्ट' ही प्रक्रिया एकाच वेळी अनेकदा चालू दिसते आणि तिचे नाव सामान्य वापरकर्त्याला काहीच सांगत नाही, परंतु ती कार्यप्रणालीचा आवश्यक भाग आहे. मालवेअर निर्माते याचाच फायदा घेतात आणि एखाद्या अक्षराची अदलाबदल करून तसेच दिसणारे नाव देतात. 'एलसॅस' या प्रक्रियेच्या रोमन नावातील लहान एल या अक्षराऐवजी मोठे आय वापरल्यास डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणून फाइल कोठे आहे हे पाहिले जाते. वरील दोन्ही प्रक्रियांच्या मूळ फाइली विंडोज फोल्डरातील 'सिस्टम३२' या उपफोल्डरात असतात. त्याच नावाची फाइल वापरकर्त्याच्या तात्पुरत्या फोल्डरात आढळल्यास संशयास जागा असते.

प्रकाशक आणि डिजिटल सही

फाइलच्या गुणधर्मांत प्रकाशकाचे नाव आणि डिजिटल सही दिसते. वैध सही असल्यास फाइल त्या प्रकाशकाची आहे आणि सही झाल्यानंतर तिच्यात बदल झालेला नाही, एवढेच सिद्ध होते. प्रकाशकाचा हेतू चांगला आहे याची हमी सही देत नाही. उलट अनेक लहान, प्रामाणिक निर्मात्यांच्या सॉफ्टवेअरवर खर्चामुळे सही नसते.

स्थापनेचा दिनांक

विंडोजमधील स्थापित सॉफ्टवेअरच्या यादीत दिनांक दिलेला असतो. नवा प्रिंटर ज्या दिवशी जोडला त्याच दिवसाचा दिनांक असल्यास उलगडा होतो. एकाच दिवशी तीन-चार अनोळखी नावे आढळल्यास ती जोडून आलेली असण्याची शक्यता असते.

वर्तन

सॉफ्टवेअर संगणकासोबत आपोआप सुरू होते काय, ब्राउझरचे शोधयंत्र बदलते काय, काढून टाकल्यावर परत येते काय, आणि काढण्याची सोय देते काय, हे वर्तनाचे निकष होत. आपोआप सुरू होणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी विंडोज ८ पासून कार्य व्यवस्थापकात पाहता येते. अधिक तपशिलासाठी सिसइंटर्नल्स संचातील 'ऑटोरन्स' हे मोफत साधन वापरले जाते. सिसइंटर्नल्स २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतले.

अनेक तपासण्यांचा निकाल

२००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२ मध्ये गूगलने घेतलेली 'व्हायरसटोटल' ही सेवा एकच फाइल अनेक प्रतिविषाणू यंत्रणांकडून तपासून देते. अनेक यंत्रणांपैकी एखाद-दुसऱ्या अपरिचित यंत्रणेनेच फाइल घातक ठरवली, तर तो चुकीचा इशारा असू शकतो. येथे चढवलेल्या फाइली सुरक्षा कंपन्यांना उपलब्ध होत असल्याने खासगी कागदपत्रे तपासणीसाठी चढवणे योग्य मानले जात नाही.

निर्णयाचे पर्याय

ठेवणे आणि काढणे यांच्या मध्ये काही पायऱ्या असतात. परत फिरता येईल असा पर्याय आधी वापरावा, हे यामागील सर्वमान्य तत्त्व आहे.

• ठेवणे: स्रोत, प्रकाशक आणि उपयोग या तिन्हींचा उलगडा झाल्यास.
• निष्क्रिय करणे: उपयोग कळत नसल्यास आपोआप सुरू होणे थांबवले जाते. काही दिवस एखादे काम अडले नाही, तर ते सॉफ्टवेअर अनावश्यक असल्याचा अंदाज बांधता येतो.
• विलगीकरण: प्रतिविषाणू सॉफ्टवेअर संशयित फाइल बंदिस्त जागेत ठेवते. इशारा चुकीचा ठरल्यास ती परत मिळवता येते.
• रीतसर काढणे: नियंत्रण कक्षातून काढल्यास नोंदी व सहायक फाइलीही काढल्या जातात. केवळ फोल्डर पुसून टाकल्यास नोंदी मागे राहतात आणि चुकांचे संदेश येऊ लागतात.
• पुनर्स्थापना: मालवेअर खोलवर शिरल्याचा संशय असल्यास महत्त्वाच्या फाइलींची प्रत घेऊन कार्यप्रणाली नव्याने घातली जाते.

कोणताही बदल करण्यापूर्वी विंडोजमध्ये 'पुनर्स्थापन बिंदू' तयार करता येतो. तो कार्यप्रणालीची मांडणी पूर्ववत करतो. वैयक्तिक दस्तऐवजांची प्रत मात्र स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

चुकीने काढले जाणारे सॉफ्टवेअर

अफवांचे उदाहरण

आवश्यक फाइल घातक समजून पुसण्याची सर्वात प्रसिद्ध उदाहरणे २००१ आणि २००२ मधील आहेत. २००१ मध्ये 'सल्फएनबीके' ही विंडोजची फाइल विषाणू असल्याचे सांगणारे ईमेल जगभर पसरले. पुढील वर्षी 'जेडीबीजीएमजीआर' या फाइलीबाबत तशीच अफवा पसरली. या फाइलीचे चिन्ह करड्या रंगाच्या खेळण्यातील अस्वलाचे होते, आणि विचित्र नाव व विसंगत चिन्ह यांमुळे अनेकांना अफवा खरी वाटली. दोन्ही फाइली निरुपद्रवी होत्या. संदेशात सांगितलेली फाइल संगणकावर खरोखरच सापडत असल्याने वापरकर्त्याची खात्री पटे. वास्तविक ती कार्यप्रणालीसोबतच आलेली असे.

मराठी टंकलेखनाची सॉफ्टवेअर

महाराष्ट्रातील घरगुती संगणकांवर आढळणारा एक विशेष प्रकार म्हणजे जुनी भारतीय भाषा सॉफ्टवेअर. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्रीलिपी', सी-डॅकचे 'आयएसएम' आणि 'आकृती' यांचा प्रकाशन, मुद्रण व कार्यालयीन कामात मोठा वापर झाला. ही सॉफ्टवेअर कळफलकावरील प्रत्येक कळ मध्येच अडवून तिचे देवनागरी अक्षरात रूपांतर करतात. कळा टिपून चोरणारे हेरगिरी सॉफ्टवेअरही तांत्रिकदृष्ट्या हेच करते, त्यामुळे अशा साधनांविषयी संशय निर्माण होऊ शकतो. ती काढल्यास त्यांच्यासोबतचे फॉन्टही जाण्याची शक्यता असते. युनिकोडपूर्व पद्धतीने टंकलिखित मजकूर प्रत्यक्षात रोमन संकेतांकांत साठवलेला असल्याने, फॉन्ट नसताना उघडलेले जुने पत्र किंवा हस्तलिखित निरर्थक रोमन अक्षरांसारखे दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो. तोच फॉन्ट परत घातल्यास किंवा परिवर्तकाने युनिकोडमध्ये रूपांतर केल्यास तो पुन्हा वाचता येतो.

सही, कर आणि आधार यांसाठीची साधने

वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे किंवा कंपनी नोंदणीची कागदपत्रे डिजिटल सहीने भरणाऱ्यांच्या संगणकावर यूएसबी टोकनचा ड्रायव्हर (उदा. 'ईपास२००३') आणि 'एमसायनर' हे सहायक सॉफ्टवेअर आढळते. ड्रायव्हर काढल्याने टोकनवरील प्रमाणपत्र नष्ट होत नाही, परंतु तो परत घालेपर्यंत सही करता येत नाही. विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी ही अडचण विलंबशुल्कात रूपांतरित होऊ शकते. बोटाच्या ठशाद्वारे आधार पडताळणी करणाऱ्या यंत्रांसोबत येणारी 'आरडी सेवा' आणि सॉफ्टवेअर परवान्याच्या कुलूप-यंत्रासाठी लागणारी 'हॅस्प' सेवा हीदेखील अशीच अपरिचित परंतु कामाची नावे आहेत.

उल्लेखनीय घटना

सोनी बीएमजी (२००५): या संगीत कंपनीच्या काही सीडी संगणकात घातल्यावर नक्कलप्रतिबंधक सॉफ्टवेअर गुप्तपणे स्थापित होत असे व स्वतःला लपवत असे. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच यांनी हे उघड केले. ते हाताने पुसल्यास सीडी ड्राइव्ह चालेनासा होत असे, आणि कंपनीने दिलेल्या पहिल्या काढणी-साधनानेच नवी सुरक्षा त्रुटी निर्माण केली.

सुपरफिश (२०१५): लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपवर २०१४ पासून जाहिराती घालणारे हे सॉफ्टवेअर भरून दिले जात होते. त्याने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र घातल्यामुळे बँकेसारख्या सुरक्षित संकेतस्थळांशी होणारे दळणवळणही असुरक्षित झाले. सॉफ्टवेअर काढल्यावरही हे प्रमाणपत्र मागे राहत असे व ते वेगळे काढावे लागे. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या प्रकरणी कंपनीशी तडजोड केली.

सोर्सफोर्ज (२०१५): 'गिंप' या मुक्त चित्रसंपादन सॉफ्टवेअरच्या विंडोज आवृत्तीला सोर्सफोर्जवर जाहिरात-सॉफ्टवेअर जोडल्याचे आढळले. गिंपच्या विकासकांनी त्याचा निषेध केला. मालकी बदलल्यानंतर २०१६ मध्ये सोर्सफोर्जने ही जोडणी योजना बंद केली.

सीक्लीनर (२०१७): संगणकाच्या साफसफाईसाठी लोकप्रिय असलेल्या या सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीत हल्लेखोरांनी मालवेअर घातले. १५ ऑगस्ट २०१७ पासून वितरित झालेल्या या आवृत्तीवर वैध डिजिटल सही होती, आणि ती सुमारे २२.७ लाख वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली. परिचित नाव व वैध सही असूनही सॉफ्टवेअर घातक असू शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

दूरनियंत्रण सॉफ्टवेअर आणि आर्थिक फसवणूक

'एनीडेस्क' आणि 'टीमव्ह्यूअर' ही दुसऱ्या ठिकाणाहून संगणक हाताळण्याची कायदेशीर साधने आहेत व दुरुस्ती, कार्यालयीन मदत यांसाठी ती सर्रास वापरली जातात. तथापि, बँक किंवा ग्राहक सेवेचा प्रतिनिधी असल्याची बतावणी करून ही साधने घालायला लावणे हा फसवणुकीचा प्रचलित प्रकार आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या अशा गैरवापराबाबत बँकांना सावध केले. ग्राहकाकडून साधनाचा नऊ अंकी संकेतांक मिळवून फसवणूक करणारा पडद्याचा ताबा घेतो, असे त्यात म्हटले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने 'ऑपरेशन चक्र-२' अंतर्गत देशभरात ७६ ठिकाणी झडती घेतली. त्यातील काही गुन्हे ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून नोंदवलेले, तांत्रिक मदतीच्या बतावणीचे होते.

अशा साधनाबाबतचा निर्णय मुख्यतः ते कोणी व कोणत्या कारणासाठी घातले यावर ठरतो. घरातील कोणीही ते जाणीवपूर्वक घातलेले नसल्यास इंटरनेट जोडणी तोडणे, दुसऱ्या उपकरणावरून बँकेचे पासवर्ड बदलणे आणि बँकेला कळवणे ही पहिली पावले मानली जातात. पैसे गेलेले असल्यास पडद्याची छायाचित्रे व नोंदी जपल्याशिवाय सॉफ्टवेअर पुसणे तपासाच्या दृष्टीने हानिकारक ठरू शकते.

भारतातील यंत्रणा

भारतीय संगणक आणीबाणी प्रतिसाद पथक (सर्ट-इन) २००४ पासून कार्यरत आहे. त्याच्या अखत्यारीत २१ फेब्रुवारी २०१७ रोजी 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू झाले. मालवेअरची लागण झालेले संगणक शोधणे, इंटरनेट पुरवठादारामार्फत वापरकर्त्याला कळवणे आणि मोफत सफाई-साधने देणे हे त्याचे काम आहे. त्याच वेळी सी-डॅकने विकसित केलेली 'यूएसबी प्रतिरोध', 'ॲपसंविद' आणि मोबाइलसाठीचे 'एम-कवच' ही साधने प्रसृत झाली. ॲपसंविद हे मान्यता यादीच्या तत्त्वावर चालते: यादीतील सॉफ्टवेअरच चालू दिले जाते, बाकी सर्व अडवले जाते. ठेवावे की काढावे हा प्रश्न त्यामुळे 'चालू द्यावे काय' असा आधीच विचारला जातो.

महाराष्ट्रात प्रतिविषाणू सॉफ्टवेअरचा उद्योगही विकसित झाला. कैलास काटकर यांच्या पुण्यातील कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या व्यवसायातून आणि संजय काटकर यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधून 'क्विक हील' ही कंपनी उभी राहिली. १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने सुरू झालेल्या या कंपनीने २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव घेतले.

कायदेशीर बाजू

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकात 'संगणक दूषक' किंवा विषाणू घालणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास कलम ६६ड लागू होते. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हाही गुन्हा आहे; त्यामुळे परवाना चुकवण्याचे साधन निरुपद्रवी असले तरी ते ठेवणे कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित ठरत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँक वा ग्राहक या दोघांचाही दोष नसलेल्या त्रयस्थ घुसखोरीत तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर नुकसानीची जबाबदारी येत नाही. ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिली असल्यास, बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याला सोसावे लागते.

वसई-विरारमधील स्थिती

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहर महानगरपालिकेची स्थापना ३ जुलै २००९ रोजी झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार या पश्चिम रेल्वेच्या स्थानकांभोवती वाढलेल्या या शहरातून मोठा वर्ग नोकरीसाठी मुंबईला जातो. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात उपनगरी रेल्वेसेवा सर्वसामान्यांसाठी बंद असताना शिक्षण व नोकरी ही दोन्ही कामे घरगुती संगणकांवर आली. त्यातून शाळेचे बैठक-सॉफ्टवेअर, कार्यालयाचे खासगी जाळे व दूरनियंत्रण साधने एकाच यंत्रावर एकत्र आली. वालीव, गोखिवरे परिसरातील लघुउद्योगांचे हिशेब व कर विवरणपत्रे यांसाठी लागणारी साधनेही संगणकांवर आढळतात. अशा सामायिक यंत्रावर 'अनोळखी' हा शब्द सापेक्ष असतो, आणि काही काढण्यापूर्वी घरातील सर्वांना विचारणे हीच पहिली तपासणी ठरते.

१ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले आणि पूर्वी पालघर पोलिसांकडे असलेला वसई-विरारचा भाग त्याच्या अखत्यारीत आला. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार स्थानिक पोलीस ठाण्यात, राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर किंवा १९३० या मदत क्रमांकावर नोंदवता येते. तक्रार लवकर झाल्यास रक्कम पुढे वळवली जाण्यापूर्वी गोठवण्याची शक्यता वाढते.

मर्यादा आणि टीका

अवांछित सॉफ्टवेअर कोणते हे ठरवण्याचा अधिकार व्यवहारात प्रतिविषाणू कंपन्यांकडे आहे. त्यांचे निकष परस्परांशी जुळत नाहीत आणि काही कंपन्या स्वतःच इतर सॉफ्टवेअर आपल्या उत्पादनाला जोडून देत आल्या आहेत. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ पासून विंडोज १० मध्ये संभाव्य अवांछित सॉफ्टवेअर अडवण्याची सोय मूळ स्थितीतच चालू ठेवण्यास सुरुवात केली. यामुळे सामान्य वापरकर्त्याचा भार हलका झाला असला, तरी कार्यप्रणालीचा निर्माता स्वतःच्या जोडलेल्या सॉफ्टवेअरला तोच निकष लावतो काय, असा प्रश्न टीकाकार उपस्थित करतात. मराठीसारख्या भाषांतील साधने, स्थानिक उपकरणे आणि लहान निर्मात्यांची सॉफ्टवेअर यांची माहिती आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये अपुरी असल्याने, त्यांच्याबाबत अंतिम निर्णय वापरकर्त्याच्या स्वतःच्या चौकशीवरच अवलंबून राहतो.

हे सुद्धा पहा

• संगणक विषाणू
• माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००
• प्रगत संगणन विकास केंद्र
• युनिकोड
• वसई-विरार शहर महानगरपालिका